तीन पडदे आणि धुळ्याचे पाहुणे

माझा धाकटा भाऊ मिलिंद टीव्हीवर पट्टी फिरवायचा.

हे वाक्य आज जेवढं विचित्र वाटतं, तेवढंच तेव्हाही वाटायचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात केबलवाल्याच्या चॅनलवर दुपारचा सिनेमा चालू असला की खालून एक पट्टी सरकायची. ‘साड्यांचा भव्य सेल, आजच भेट द्या’. ‘चि. सोनूला पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, आजी-आजोबा व समस्त मामा’. ती पट्टी कॉम्प्युटरवर तयार करून केबलवाल्याला नेऊन द्यायची, हा मिलिंदचा धंदा. धंदा बरा चालला होता. लग्न मात्र ठरत नव्हतं. कारण मुलीकडचे विचारायचे, "मुलगा काय करतो?" आणि आबा (म्हणजे आमचे वडील, रेल्वेत गार्ड होते, भुसावळहून निवृत्त झाले) अत्यंत प्रामाणिकपणे सांगायचे, "टीव्हीवर पट्टी फिरवतो."

यानंतर कोणी फारसं काही विचारायचं नाही. चहा संपवून निघायचे. फैजपूरच्या एका गृहस्थांनी तेवढं विचारलं होतं, "म्हणजे घरोघर जाऊन टीव्ही पुसतो का?"

आई गेल्यापासून त्या घराचं नियोजन माझ्याकडे होतं. म्हणजे कोणी दिलं नव्हतं, मी घेतलं होतं. माझं सासर दोन गल्ल्या सोडून. ऑफिसला जाताना एकदा आणि येताना एकदा मी माहेरी डोकावत असे. (‘डोकावणे’ हा माझा शब्द. मिलिंदचा शब्द ‘तपासणी’.) किराणा, गॅसचा नंबर, आबांच्या बीपीच्या गोळ्या, मिलिंदचं लग्न, अशी कामांची यादी फ्रीजच्या दारावर लावलेली असायची. बाकी सगळी कामं होऊन खोडली जायची. चौथं काम प्रत्येक नव्या यादीत पुन्हा उतरवून घ्यावं लागायचं.

आणि मग धुळ्याचं स्थळ आलं. मुलगी वैशाली, डी.एड. झालेली. आम्ही धुळ्याला जाऊन पाहून आलो. मिलिंद जाताना गप्प होता, येताना गप्प होता, पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून केस कापून आला. तीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं होतं. मी काय ते समजले. रात्री जेवताना आबांनी सहज म्हटलं, "हे जुळलं नाही तर चोपड्याचं एक स्थळ आहे."

"नको," मिलिंद म्हणाला.

"अरे, नुसतं बघायला काय—"

"हेच जुळलं तर जुळू द्या. नाहीतर राहू द्या." आणि ताट घेऊन मोरीत गेला. एका दमात एवढं तो कॉम्प्युटरशीही बोलत नसे.

आता आमच्याकडे अशी पद्धत आहे की मुलगी पसंत पडली, मुलगा पसंत पडला, तरी मुलीकडची मोठी माणसं एकदा मुलाचं ‘घर पाहायला’ येतात. घर म्हणजे काही भिंती नव्हेत. माणसं कशी आहेत, बोलतात कशी, पोरगा नेमकं करतो काय, हे सगळं पोहे खाता खाता बघून घ्यायचं असतं. धुळ्याहून निरोप आला, रविवारी येतो. मुलीचे वडील, आजोबा आणि आत्या. त्यात आणखी एक निरोप होता: ‘मुलाचं काम प्रत्यक्ष पाहायला मिळालं तर बरं.’

आबा घाबरले. "त्याचं काम आता यांना काय दाखवणार?"

"मी दाखवते," मी म्हणाले. इथून पुढचा सगळा घोटाळा या दोन शब्दांचा आहे.

माझी योजना सरळ होती. मिलिंदला कामासाठी तसेही तीन पडदे हवेच होते. एका मॉनिटरवर पट्टी तयार करायची, दुसऱ्यावर गिऱ्हाइकाचा मजकूर उघडा ठेवायचा, आणि टीव्हीवर ती दिसते कशी ते बघायचं. कारण मॉनिटरवर सुबक दिसणारी अक्षरं टीव्हीवर गेली की भिजलेल्या पापडासारखी व्हायची, आणि ते बघायला त्याला दरवेळी सायकल काढून केबलवाल्याकडे पळावं लागायचं. एका कॉम्प्युटरला दोन-तीन पडदे जोडायची सोय तेव्हा नुकतीच आली होती. म्हटलं, रविवारच्या आत हे करून टाकू. पाहुणे बैठकीत बसतील, समोर टीव्हीवर झळकेल, ‘धुळ्याच्या पाहुण्यांचे हार्दिक स्वागत’. आतल्या खोलीत मिलिंद कॉम्प्युटरपुढे बसलेला असेल. बस! मुलगा काय करतो हे तोंडाने सांगायची गरजच नाही.

शनिवारची वाट न बघता जरा आधीच आम्ही बाजारात गेलो. कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान होतं त्या शेठना मी आमची गरज मुद्देसूद सांगितली. ते म्हणाले, "ताई, दोन रस्ते आहेत. एक भारीतलं ग्राफिक्स कार्ड येतं. त्या एकाच कार्डावर तिन्ही पडदे चालतात. पण ते मुंबईहून मागवावं लागेल."

"कधी येईल?"

"येईल ना."

ज्या उत्तरात वार नसतो ते उत्तर मी धरत नाही. "दुसरा रस्ता?"

"तीन साधी कार्डं घ्या. पडद्याला एकेक. ह्या तिसऱ्याला मागे टीव्हीची वायर लावायला जागा आहे. आत्ता देतो."

मिलिंदने माझा पदर हलकेच ओढला. "अक्का, एकच घेऊ. थांबू. ही तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत. एकत्र नांदतील याचा भरवसा नाही."

"माझ्या सासरी चार जावा नांदतात. ही तर कार्डं आहेत."

"तसं नाही गं. तीन कार्डं असली की त्यातलं एक मोठं असतं. मशीन चालू झालं की पहिला मान त्याचा. मुख्य पडदा त्याचा. जे काही उघडेल, जे काही मशीन विचारेल, ते आधी त्याच्या पडद्यावर."

"मग तू तुझ्या मॉनिटरच्या कार्डाला मोठं कर."

"मी नाही करत. मशीन ठरवतं. कोण कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून."

"वयाचा काही संबंध नाही?"

"अक्का!"

"शिवाय एका कार्डावर सगळा भार टाकला आणि तेच बिघडलं तर तिन्ही पडदे बंद. तीन असली तर एक रुसलं तरी दोन चालू." हा माझा मुद्दा इतका बिनतोड होता, की शेठनीही मान डोलावली. (त्यांची एकाऐवजी तीन कार्डं खपत होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.)

शनिवारी संध्याकाळी रंगीत तालीम झाली. मिलिंदचा नेहमीचा मॉनिटर, जुन्या बाजारातून आणलेला दुसरा मॉनिटर आणि बैठकीतला टीव्ही. मिलिंद म्हणत होता, टीव्ही आत आणू. पण आमच्या सुताराने टीव्ही आधी भिंतीला लावून मग त्याच्याभोवती शोकेस बांधलेलं होतं. टीव्ही बाहेर काढायचा तर शोकेस फोडावं लागलं असतं. म्हणून केबलवाल्याकडूनच लांब वायर आणली, ती दारातून बैठकीत नेली, आणि काय सांगू, पहिल्या झटक्यात पट्टी धावली! ‘धुळ्याच्या पाहुण्यांचे हार्दिक स्वागत’. आबांचे डोळे पाणावले. म्हणाले, "हे आधी सुचलं असतं तर एव्हाना नातू शाळेत गेला असता."

इथे थांबले असते तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती.

रविवारी सकाळी मी लवकर गेले. चादरी बदलल्या, भरीत-पुरीची तयारी केली, आणि दारात उभी राहून पाहुण्यांच्या नजरेने घर पाहिलं. ती वायर! दाराच्या बरोबर मधून, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबत होती. उंच माणूस असता तर गळ्यात अडकली असती.

"मिलिंद, ही वायर कॉम्प्युटरच्या ह्या बाजूने का निघते?"

"टीव्हीचं कार्ड ह्या बाजूच्या खाचेत आहे."

"त्या बाजूच्या खाचेत घाल. म्हणजे वायर खिडकीकडून कोपऱ्याकोपऱ्याने जाईल. दिसणारही नाही."

"अक्का, चालू असलेल्या मशीनला हात लावायचा नसतो."

"मग बंद कर आणि लाव. कार्ड तेच, वायर तीच, टीव्ही तोच. नुसती जागा बदलायची. मी डाळीचे डबे बदलते तेव्हा डाळ बिघडते का?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मग तो स्क्रू काढायला लागला. मला तेव्हा ते पटल्याचं लक्षण वाटलं होतं.

कार्डांची अदलाबदल झाली, वायर कोपऱ्यातून अशी सुंदर गेली की जणू भिंतीतच होती, मिलिंदने मशीन चालू केलं, आणि पडदे उजळायच्या आत लाईट गेली. ती परत आली तेव्हा रिक्षा दाराशी उभी होती. तपासायला वेळ मिळालाच नाही.

"जयभीम, जयभीम!" करत पाहुणे आत आले. पुढे मुलीचे आजोबा. त्यांना सगळे नाना म्हणायचे. पारोळ्याजवळच्या खेड्यातले शेतकरी, पांढरं धोतर, आवाज शेतातून बोलायची सवय असलेला. मागे मुलीचे वडील, धुळ्याच्या कोर्टात शिरस्तेदार, प्रत्येक वस्तू चष्म्याच्या वरून एकदा आणि चष्म्यातून एकदा बघणारे. शेवटी आत्या. नवऱ्याच्या माघारी तिघी मुलींची लग्नं लावलेली बाई. बोलणं कमी, नजर जास्त. पुरुष मंडळी बैठकीत टीव्हीसमोर बसली. आत्या रीतीप्रमाणे आतल्या खोलीत आल्या आणि मिलिंदच्या कॉम्प्युटरशेजारच्या पलंगावर बसल्या.

मी मधल्या दारात उभी राहिले. दोन्ही खोल्या नजरेत राहतील अशी जागा. "मिलिंद, चालू कर."

मिलिंदने बटण दाबलं. त्याच्या समोरचे दोन्ही मॉनिटर काळे ते काळेच.

आणि बैठकीतून नानांचा आवाज आला, "ऊनं, ऊनं! काहीतरी ऊनं!" (आलं, आलं!)

मी वळून पाहिलं. टीव्हीवर काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं धावत होती. जी कोणाही पाहुण्याने कधी बघू नयेत ती. मेमरी मोजून झाली. मग मशीन म्हणालं की मला नीट बंद केलं नव्हतं, मी आता स्वतःची तपासणी करतो. एक निळी पट्टी अगदी सावकाश पुढे सरकायला लागली. तिघेही श्रद्धेने बघत होते.

"हीच का ती पट्टी?" शिरस्तेदारांनी आबांना विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेने नाही म्हटलं. आबा म्हणाले, "हो."

मी आत धावले. "हे काय झालं?"

"टीव्ही मोठा झाला," मिलिंद शांतपणे म्हणाला. "जागा बदलली ना. आता घरातला कर्ता तो. सगळं तिकडे उघडणार. माझ्याकडे नुसतं रिकामं रान आहे."

खरंच, एवढ्यात त्याचे दोन्ही मॉनिटर उजळले होते आणि त्यांवर निळ्या रंगाशिवाय काहीही नव्हतं. जे काही बटण, जे काही चित्र दाबायचं ते सगळं बैठकीत, नानांच्या समोर. आणि माऊस इकडे, आखूड वायरचा, टेबलाला बांधल्यासारखा.

"परत बदल कार्डं!"

"पुन्हा सगळं उघडायचं? पाहुण्यांसमोर?"

आत्या दोघांकडे बघत होत्या. मी मनातल्या मनात पर्याय मांडले. एकच उरत होता. "तू माऊस हलव," मी म्हणाले. "मी दारातून बघून सांगते."

आणि सुरुवात झाली.

"बाण दिसतोय का?" मिलिंदने विचारलं.

"दिसतोय. मधोमध. पट्टीचं चित्र डाव्या कोपऱ्यात आहे. डावीकडे घे. अजून. अजून! अरे, खूप झालं!"

"किती झालं?"

"वर गेला. खाली घे. हळू! असा काय धरतोस माऊस? ताठ बस आधी!"

"हो अक्का."

"खाली म्हटलं, उजवीकडे नाही! लक्ष कुठे आहे तुझं?"

"इथेच आहे अक्का."

आबांना हे बघवलं नाही. गार्डची नोकरी केलेला माणूस. ते उठून माझ्या शेजारी आले आणि हात आडवा धरून ‘सावकाश’, हात खाली करून ‘थांब’ अशा खुणा करायला लागले. आता मिलिंदकडे एका कानाने माझा हुकूम आणि एका डोळ्याने आबांचा सिग्नल जात होता, आणि दोन्ही कधीच एक नव्हते. मी म्हणायचे, "चल," आबा गाडी थांबवायचे.

तेवढ्यात नाना पुढे सरकले. टीव्हीच्या काचेला बोट लावून म्हणाले, "माय, तू बाजूले व्हय. माले चांगलं दखास." (तू बाजूला हो, मला चांगलं दिसतंय.) आणि आतल्या खोलीकडे तोंड करून शेतातल्या आवाजात, "पोऱ्या! खाले ले! आखो खाले! आते डावा बाजूले... बस, बस, बस! गया!" (आखो म्हणजे आणखी, आते म्हणजे आता.)

"कुठे गेला?" मी ओरडले.

"गया! काचमाईन बाहेर गया!"

आतून मिलिंद म्हणाला, "आला! माझ्याकडे आला."

बाण टीव्हीच्या कडेवरून निसटून भिंत ओलांडून मॉनिटरवर आला होता. हेच तर त्या तीन कार्डांचं वैशिष्ट्य, तीन पडदे मिळून एकच मैदान! मी हे पाहुण्यांना समजावून सांगायला लागले. पण नानांना समजावण्याची गरजच राहिली नव्हती.

"धाड परत!"

"पाठवतो नाना!"

"ऊना! ऊना! आते धरी ठेव! हाऊ परत पळना!"

"इकडे आहे नाना!"

"धाड!"

शिरस्तेदारसुद्धा आता चष्मा सावरून वाकले होते. "जरा उजवीकडे घ्या," ते म्हणाले. नाना म्हणाले, "तू गप बैस, माले करू दे." बैठकीतून आतल्या खोलीत, आतून बैठकीत, असा तो बाण खो-खोतल्या पोरासारखा पळत होता. पोहे गार झाले. मी मध्येच "पोहे घ्या" म्हणाले, तर मिलिंदला तीही सूचना वाटली आणि त्याने दोनदा बटण दाबलं.

काहीतरी उघडलं!

टीव्हीवर मोठ्या लाल अक्षरांत पट्टी धावू लागली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि वाचलं: ‘मूळव्याध, भगंदर, फिशर! कापाकापी न करता खात्रीशीर इलाज. दर मंगळवारी.’

ही मागच्या आठवड्याची जाहिरात होती. स्वागताची पट्टी तिच्या शेजारच्या चित्रात होती.

नानांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कौतुकाने विचारलं, "काय लिखेल शे?"

आबा छताकडे बघत होते. शिरस्तेदारांनी अखेर घसा खाकरून सांगितलं, "आरोग्याविषयी आहे."

"बेस शे," नाना म्हणाले. "अक्षर मोठं शे."

"बंद कर!" मी आत ओरडले. "मिलिंद, ताबडतोब बंद कर! ती मंगळवारची लागली आहे!"

"कुठलं बटण अक्का? मला दिसत नाही."

"वरचं! कोपऱ्यातलं! अरे, तुला कळत कसं नाही!"

"उजवा की डावा?"

"उजवा! म्हणजे माझा नाही, तुझा! म्हणजे टीव्हीचा!"

त्याने काय दाबलं त्याचं त्यालाच ठाऊक. पट्टी जागच्या जागी थिजली, आणि ‘भगंदर’ या शब्दावर एक करडी चौकट येऊन बसली. तिच्यात बारीक इंग्रजी अक्षरं. शिरस्तेदार उठले, टीव्हीला नाक लावून उभे राहिले, आणि कोर्टात हुकूम वाचतात त्या सुरात वाचू लागले, "धिस प्रोग्रॅम... हॅज परफॉर्म्ड... ॲन इल्लीगल ऑपरेशन."



"म्हणजे काय?" आबांनी विचारलं.

"म्हणजे ह्यांच्या मुलाच्या मशीनने बेकायदेशीर कृत्य केलंय," शिरस्तेदार माझ्याकडे वळून म्हणाले. "आणि ते स्वतः कबूल करतंय. आमच्याकडे आरोपीसुद्धा इतक्या लवकर कबूल करत नाहीत."

मी आत पाहिलं. मिलिंद माऊसवर हात ठेवून तसाच बसला होता. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलं, आणि त्या क्षणी मला दिसलं की ह्या पोराच्या मनात आता कार्ड नाही, पट्टी नाही. धुळ्याची बस आहे, आणि ती परत चालली आहे.

तरी त्याचा आवाज चढला नाही. "नाना," तो इतकंच म्हणाला, "चौकटीत एक बटण असेल. तिथपर्यंत मला घेऊन चला."

"चाल," नाना म्हणाले.

मग कुणीच ओरडलं नाही. म्हणजे मी एकदोनदा तोंड उघडलं, पण आबांनी हात आडवा धरला. ह्या वेळी तो मिलिंदसाठी नव्हता. नाना काचेवर बोट ठेवून सांगत गेले, मिलिंद बाण आणत गेला. "आखो जरासा... आखो... हां. आते दाब."

टक् झालं. चौकट गेली, मूळव्याध गेली, सगळंच गेलं. टीव्हीवर स्वच्छ निळा रंग आणि कोपऱ्यातली ती चित्रं, एवढंच उरलं. नानांनी धोतराच्या सोग्याने काचेवरचे आपल्या बोटांचे ठसे पुसले आणि परत जागेवर जाऊन बसले. "आते पोहा आना," म्हणाले.

स्वागताची पट्टी काही धावली नाही. ती पुन्हा शोधायला जाण्याची हिंमत घरात कोणाकडेही नव्हती.

जेवणं झाली. भरीत सगळ्यांनी वाखाणलं, कामाविषयी कोणीच काही बोललं नाही. मी ताटं उचलत होते तेव्हा आतल्या खोलीत आत्या मिलिंदला हळूच विचारताना ऐकलं, "हे असं रोज असतं का?"

"रोज एवढं नाही," मिलिंद म्हणाला. "रविवारी जरा जास्त."

लाईट जाण्याविषयी बोलताहेत असं समजून मी पुढे गेले.

निघायच्या वेळी पाहुणे दारात चपला घालू लागले. घर पाहणाऱ्यांचा निकाल चपला घालतानाच कळतो. ‘कळवतो’ म्हणाले की संपलं. शिरस्तेदार चपलेचा पट्टा लावत म्हणाले, "बरं मग..."

मिलिंद दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मला पुढचा शब्द ऐकवेना. मीच घाईने म्हणाले, "साहेब, आज जरा कार्डांची जागा चुकली, नाहीतर काल अगदी—"

"कार्डाचं आम्हाला काय कळतंय ताई?" शिरस्तेदार म्हणाले. "धंदा आहे, चालतोय, एवढं कळलं. नाना, बोला तुम्ही."

नानांनी मिलिंदच्या पाठीवर थाप मारली. "पोऱ्या शांत शे. इतला वरडा व्हयना, पन तापना नही. आमनी पोर आठे सुखी ऱ्हाई." (एवढा आरडाओरडा झाला, पण तापला नाही. आमची पोर इथे सुखात राहील.)

मिलिंदने चौकट सोडली. आबांनी डोळे मिटून घेतले. मी म्हणणारच होते की ‘मग तारखेचं बघू’, तेवढ्यात आत्या पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलल्या.

"माझं एक विचारायचं राहिलंय."

घर कोणाच्या नावावर, धंद्यावर कर्ज आहे का, अशी सगळी उत्तरं माझ्याकडे तयार होती, क्रमाने. "विचारा ना आत्या," मी म्हणाले.

आत्यांनी मला विचारलं नाही. आबांना विचारलं. "ही मोठी बहीण... ही इथेच राहते का?"

"नाही, नाही!" आबा इतक्या तत्परतेने म्हणाले की मी बघतच राहिले. "तिचं सासर वेगळं आहे. लांब आहे."

(दोन गल्ल्या!)

"आणि येणं-जाणं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. नानासुद्धा बघायला लागले. आमचे आबा, ज्यांनी अख्ख्या नोकरीत गाडी एक मिनिट उशिरा सुटली तर तशी नोंद केली, त्यांनी शांतपणे सांगितलं, "सणासुदीला."

आत्यांनी पदर सावरला. "मग चालेल," म्हणाल्या.

उन्हाळ्यात लग्न झालं. मिलिंदने मुंबईहून ते एकच भारीतलं कार्ड मागवलं, मला न विचारता. वैशाली घरात आली, तिने फ्रीजच्या दारावरची माझी यादी काढून तिथे कॅलेंडर लावलं. मी शब्दाची पक्की आहे. तेव्हापासून माहेरी फक्त सणासुदीला जाते. सण कोणते, हे ठरवायचं काम मात्र मी माझ्याकडेच ठेवलं आहे.